एकाच साच्यातलं पोलाद

जुनं लष्करी हेल्मेट तपासायला घेतलं की आधी टेबलावर जाडसर सुती कापड अंथरायचं आणि हेल्मेट उताणं ठेवायचं. मुरलेला संग्राहक नेहमी आतून सुरुवात करतो. बाहेरून हेल्मेट कितीही वेळा रंगवता येतं. आतल्या बाजूकडे मात्र वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून खरी माहिती तिथेच टिकून राहते.

समोर दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी ‘एम-१’ हेल्मेट आहे असं धरू. त्याचे दोन भाग असतात. बाहेर पोलादी कवच आणि आत त्यात घट्ट बसणारी हलकी टोपी, म्हणजे ‘लायनर’. लायनर काढून बाजूला ठेवा. आता कवच खिडकीजवळ न्या आणि कपाळाच्या बाजूला आतून तिरपा उजेड पडू द्या. रंगाखाली ठोकलेले दोन-तीन आकडे आणि कदाचित एक अक्षर दिसेल. पोलाद भट्टीच्या ज्या घाण्यातून निघालं, त्याचा हा क्रमांक. आकड्यांच्या वर किंवा खाली ‘एस’ हे अक्षर असेल तर कवच सेंट लुईसच्या श्लुटर कंपनीचं. ते नसेल तर बहुधा डेट्रॉइटच्या मॅकॉर्ड रेडिएटर कंपनीचं. नावातच सांगितल्याप्रमाणे ही कंपनी मुळात मोटारींचे रेडिएटर बनवणारी.

या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशी २ कोटी २० लाखांहून अधिक कवचं घडवली. मँगनीज मिसळलेल्या पोलादाचा गोल पत्रा दाबयंत्राखाली जायचा आणि खोलगट भांड्यासारखा आकार घेऊन बाहेर पडायचा. या रांगेतलं एक कवच आयोवातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर गेलं आणि दुसरं एखाद्या सेनापतीच्या. कारखान्यातून निघताना त्या दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

वरिष्ठ अधिकाऱ्यांची हेल्मेटं जमवण्याच्या छंदाची सगळी अडचण आणि सगळी गोडी या एका गोष्टीत आहे. जिरेटोप पाहिला की तो घालणाऱ्याचा मान ओळखता येतो. विसाव्या शतकातल्या पोलादाकडे पाहून तो कळत नाही. मग हे हेल्मेट सेनापतीचंच, हे सांगायचं कसं?

डोक्यावर पोलाद आलं तेव्हा

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपातली सैन्यं लढाईला निघाली ती बहुतेक कापडी टोप्या घालून. जर्मनांची टोकदार ‘पिकेलहाउब’ दिसायला जबरदस्त होती, पण होती चामड्याची. प्रशियाने ती १८४२ मध्ये स्वीकारली, तेव्हा तलवारीचा वार अडवणं एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. या काळापर्यंत हुद्दा मात्र डोक्यावर लखलखीत दिसायचा. जनरलच्या पिकेलहाउबवर सोनेरी मुलाम्याचं काम असे, टोकाची बैठक फुलीच्या आकाराची असे, आणि समारंभाच्या वेळी टोक काढून तिथे पिसांचा तुरा बसवला जाई. आजही संग्राहक जनरलची पिकेलहाउब बरीचशी घडणीवरून ओळखू शकतात.

सैनिक खंदकात उतरले आणि चित्र पालटलं. डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांतून छर्रे आणि लोखंडाचे तुकडे पावसासारखे खाली येऊ लागले. खंदकाने धड झाकलं, डोकं उघडंच राहिलं. फ्रेंच लष्कराच्या पुरवठा खात्यातला अधिकारी ओग्युस्त-लुई आद्रियाँ याने आधी टोपीखाली घालायची पोलादी वाटी बनवून घेतली आणि मग १९१५ मध्ये पूर्ण हेल्मेट. जेवणाचं धातूचं भांडं टोपीत ठेवल्यामुळे वाचलेल्या एका जखमी सैनिकाकडून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. पाऊण किलोच्या आसपास वजनाचं, माथ्यावर उभा कंगोरा असलेलं हे हेल्मेट आधुनिक युद्धातलं पहिलं सर्रास वापरलं गेलेलं पोलादी शिरस्त्राण ठरलं.

त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन ब्रॉडी याने पसरट थाळीसारख्या हेल्मेटाचं पेटंट घेतलं. जर्मनीत हॅनोव्हरच्या तांत्रिक विद्यापीठातले फ्रीडरिश श्वेर्ड यांनी कान आणि मान झाकणारं खोल हेल्मेट आखलं. ते १९१६ च्या सुरुवातीला व्हर्दंच्या लढाईत जर्मन सैनिकांच्या डोक्यावर दिसू लागलं.

पोलादी हेल्मेटांच्या घडणीत संग्राहकांचाही हात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या शस्त्र-चिलखत विभागाचे प्रमुख बॅशफर्ड डीन हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, माशांचे अभ्यासक आणि जुन्या चिलखतांचे नामांकित संग्राहक. अमेरिका युद्धात उतरल्यावर सैन्याने त्यांना मेजरचा हुद्दा दिला आणि नव्या हेल्मेटांचे नमुने आखायला सांगितलं. कुठल्या वळणावरून वार घसरतो आणि कुठे पत्रा पातळ पडतो, याचं ज्ञान त्यांनी मध्ययुगीन शिरस्त्राणं हाताळून मिळवलं होतं. १९२० मध्ये त्यांनी आधुनिक युद्धातल्या हेल्मेटांवर आणि चिलखतांवर ग्रंथ लिहिला. या विषयाचा अभ्यास करणारा आजही त्या ग्रंथापर्यंत पोचतोच.

मोठ्या माणसाच्या डोक्यावरच्या पोलादी हेल्मेटाचं एक गाजलेलं उदाहरण याच काळातलं आहे. मंत्रिपद सोडून विन्स्टन चर्चिल १९१५ च्या अखेरीस फ्रान्समध्ये आघाडीवर गेले, तेव्हा फ्रेंच जनरल एमिल फायोल यांनी त्यांना आद्रियाँ हेल्मेट भेट दिलं. पुढे १९१६ मध्ये बेल्जियममधल्या प्लूगस्टीर्टजवळ चर्चिल एका ब्रिटिश पलटणीचे प्रमुख होते. ब्रिटिशांचं हेल्मेट ब्रॉडीची थाळी असताना ते हे फ्रेंच हेल्मेट घालून वावरत. चित्रकार जॉन लॅव्हरी यांनी त्याच हेल्मेटात त्यांचं व्यक्तिचित्र काढलं, छायाचित्रंही निघाली. संग्राहकाला याहून जास्त काय हवं? देणारा कोण ते माहीत, घेणारा माहीत, महिना माहीत, आणि वर चित्राचा पुरावा.

फ्रेंचांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. १९१८ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ठरवलं की सैनिकाने आपलं हेल्मेट घरी न्यावं. हेल्मेटाच्या पुढच्या काठावर लावायला पितळी पट्टी मिळाली आणि तिच्यावर ‘महायुद्धाचा सैनिक, १९१४-१९१८’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली होती. जो सैनिक परतला नाही, त्याच्या घरच्यांसाठीही ही तरतूद होती. कित्येक फ्रेंच घरांत हेल्मेट असं देवघरातल्या वस्तूसारखं जपलं गेलं. पट्टी सगळ्यांची सारखीच होती. ज्या घराने आत नावाची चिठ्ठी ठेवली, त्या घरच्या माणसाचं नाव आजही वाचता येतं.

तारे आणि नेमबाज

दुसऱ्या महायुद्धातल्या सेनापतींची छायाचित्रं आठवून पाहा. माँटगोमरींच्या डोक्यावर दोन बिल्ल्यांची काळी बेरे टोपी, रोमेलच्या टोपीवर चढवलेला गॉगल, मॅकआर्थर यांची सोनेरी वेलबुट्टीची टोपी. पोलादी हेल्मेट क्वचितच दिसतं. सैन्याच्या मुख्यालयात त्याची गरज कमी असायची, आणि सैनिकांना दुरून ओळखू येईल असं काहीतरी डोक्यावर असावं असं सेनापतींनाही वाटायचं. म्हणून त्यांची खरोखर वापरलेली हेल्मेटं मुळातच थोडी आहेत.

जॉर्ज पॅटन यांची तऱ्हा वेगळी. मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात पराभवाने खचलेल्या अमेरिकी दुसऱ्या कोअरचा ताबा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं केलं. आघाडीपासून लांब असलेल्यांनाही सूट नव्हती, आणि हयगय केली की दंड भरावा लागे. त्यांचं स्वतःचं हेल्मेट मात्र चकचकीत लाखेचं आणि समोर ठसठशीत ताऱ्यांचं. सेनापती सैनिकांना दिसला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं.

सैनिकांना जो दिसतो तो शत्रूलाही दिसतो. याची किंमत ओकिनावात कळली. १८ जून १९४५ रोजी अमेरिकी दहाव्या सैन्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सायमन बोलिव्हर बकनर पुढच्या टेहळणीच्या ठाण्यावर मरीन सैनिकांची चढाई पाहत उभे होते. जवळच्या एका ठाण्यावरून निरोप आला की जनरलसाहेबांच्या हेल्मेटावरचे तीन तारे तिथून स्पष्ट दिसत आहेत. बकनर यांनी ते हेल्मेट काढलं आणि ताऱ्यांशिवायचं साधं हेल्मेट घातलं. पण थोड्याच वेळात जपानी तोफांचा मारा सुरू झाला. एक गोळा शेजारच्या प्रवाळी खडकावर फुटला, तुकडे त्यांच्या छातीत घुसले आणि काही मिनिटांत त्यांचा प्राण गेला. त्या युद्धात शत्रूच्या माऱ्यात मारले गेलेले ते सर्वांत वरिष्ठ अमेरिकी अधिकारी. बेटावरची लढाई अवघ्या काही दिवसांत संपणार होती.

अशाच धोक्यामुळे आघाडीवर जाणारे कित्येक अधिकारी आपली खूण झाकत असत. युरोपात उतरलेल्या अमेरिकी सैन्यात अधिकाऱ्याच्या हेल्मेटावर मागच्या बाजूला उभी पांढरी पट्टी असे. मागून येणाऱ्या आपल्या माणसांना ती दिसावी आणि समोरच्या शत्रूला दिसू नये, हा हेतू. जर्मनांनी तर पोलादी हेल्मेटावर हुद्दा दाखवलाच नाही. जनरल आणि शिपाई यांच्या हेल्मेटांत बाहेरून फरक नाही. असलंच तर आतल्या चामड्याच्या पट्टीवर शाईने लिहिलेलं नाव.

ताऱ्यांची भाषाही देशागणिक बदलते. अमेरिकेत एक तारा म्हणजे ब्रिगेडिअर जनरल आणि दोन म्हणजे मेजर जनरल. फ्रान्समध्ये जनरलपदाची सुरुवातच दोन ताऱ्यांनी होते. म्हणून दोन ताऱ्यांचं आद्रियाँ हेल्मेट आणि दोन ताऱ्यांचं एम-१ यांचा दर्जा एकच धरणारं गिऱ्हाईक पहिल्याच पायरीवर घसरतं.

सांध्याची साक्ष

समजा, एखादा विक्रेता तीन ताऱ्यांचं एम-१ समोर ठेवतो. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत एका नामांकित सेनापतीने हे घातलं होतं, असं तो सांगतो. तारे झिजलेले, रंग जागोजागी उडालेला. अशा वेळी ताऱ्यांवरून नजर काढायची आणि हेल्मेटाच्या काठावर न्यायची.

कवचाच्या काठाला धातूची अरुंद पट्टी गुंडाळलेली असते आणि तिची दोन टोकं जिथे जुळतात तिथे सांधा दिसतो. सुरुवातीच्या कवचांवर हा सांधा समोर, कपाळाच्या मध्यावर असे. १९४४ च्या अखेरीस तो मागे गेला. हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या सुरुवातीला कवचाला पक्क्या जोडलेल्या असत. त्या आपटून तुटत, म्हणून १९४३ च्या अखेरीस बिजागरीसारख्या हलणाऱ्या कड्या आल्या. म्हणजे ज्याचा सांधा मागे आहे आणि कडी हलते, ते कवच १९४३ च्या उन्हाळ्यात सिसिलीत असूच शकत नाही. त्या वेळी ते घडलंच नव्हतं.

हुद्द्याच्या तारखाही अशाच तपासायच्या. पॅटन मार्च १९४३ मध्ये तीन ताऱ्यांचे जनरल झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये चार ताऱ्यांचे. पाच ताऱ्यांचा हुद्दा अमेरिकेत डिसेंबर १९४४ मध्ये निर्माण झाला. ज्या लढाईचं नाव सांगितलं जातं, तिची तारीख आणि ताऱ्यांची संख्या शेजारी मांडली की अर्ध्याहून अधिक प्रश्न तिथेच निकालात निघतात.

यानंतर भिंग घ्यायचं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. तारा डाग देऊन जोडलेला असेल तर डागाच्या कडेला रंग कसा बसला आहे ते पाहायचं. तारा आधी आणि रंग नंतर की रंग आधी आणि तारा नंतर, हे तिथे समजतं. भोक पाडून तारा बसवला असेल तर भोकाच्या आतल्या कडेला गंज आहे का? ऐंशी वर्षांपूर्वी पाडलेल्या भोकाची कड काळवंडते. अलीकडे पाडलेल्या भोकात पोलाद चमकतं, आणि जिथे आम्ल लावून कृत्रिम गंज चढवला आहे तिथे तो नारिंगी, भुसभुशीत दिसतो. शेवटी अतिनील दिव्याखाली धरायचं. आजच्या कित्येक रंगांत, गोंदांत आणि दोऱ्यांत उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. दिवा शांत राहिला म्हणजे वस्तू खरी ठरली असं मात्र नाही, कारण नक्कल करणाऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक आहे.

लायनर विसरायचं नाही. सुरुवातीच्या लायनरांना कपाळावर बिल्ला लावण्यासाठी छोटं भोक असे. मागच्या तळांवर अनेक अधिकारी जड कवच बाजूला ठेवून फक्त लायनरच घालत, त्यामुळे अधिकाऱ्याची खरी खूण पुष्कळदा तिथेच सापडते.

कागद

एवढं सगळं तपासून काय सिद्ध झालं? हेल्मेट त्या काळातलं आहे आणि तारे त्या काळी लावलेले आहेत. ते कुणाच्या डोक्यावर होतं, हे अजून कळलेलं नाही. तिथून पुढे कागदाचं राज्य सुरू होतं.

वस्तू विकत घ्यावी, गोष्ट विकत घेऊ नये, असं या छंदातले जुने लोक नवख्यांना बजावतात. साध्या हेल्मेटाच्या बाबतीत हा सल्ला पुरेसा आहे. सेनापतीच्या हेल्मेटाच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण एरवी त्या पोलादात आणि शेजारच्या पोलादात काहीच फरक नाही. पैसे मोजले जातात ते गोष्टीचेच. म्हणून वस्तू जेवढ्या कसोशीने तपासायची, त्याहून जास्त कसोशीने गोष्ट तपासायला हवी.

कागद अनेक प्रकारचे असतात. अमेरिकी सैनिकांना शत्रूकडून मिळवलेली वस्तू घरी पाठवायला वरिष्ठाच्या सहीचा दाखला लागे. हा दाखला ज्या जर्मन हेल्मेटाबरोबर टिकून राहिला, त्याची साक्ष भक्कम. घरच्यांनी सही करून दिलेलं पत्र चांगलं, पण त्यात हेल्मेटाचं नेमकं वर्णन हवं. घाण्याचा क्रमांक आणि पोचा कुठे आहे ते लिहिलेलं हवं. नाहीतर तेच पत्र एकानंतर एक तीन हेल्मेटांबरोबर विकलं जातं. सर्वांत मोलाचं युद्धकाळातलं छायाचित्र. हाताने लावलेले तारे कधीच अगदी सरळ नसतात. एक किंचित डावीकडे कललेला, दोघांमधलं अंतर कमी-जास्त, रंगाचा एक ओघळ. छायाचित्रातला हा कल आणि समोरच्या हेल्मेटावरचा कल तंतोतंत जुळला तर तो बोटांच्या ठशासारखा पुरावा.

या छंदाला एक जबाबदारीची बाजूही आहे. नाझी चिन्हं असलेली वस्तू घरात ठेवणं म्हणजे त्या विचाराचा गौरव करणं नव्हे, पण ती कशी मांडली जाते त्यावर बरंच अवलंबून असतं. जर्मनीत ती चिन्हं जाहीरपणे मिरवणं कायद्याने गुन्हा आहे. अभ्यास आणि शिक्षणासाठी तेवढी मोकळीक आहे. हेल्मेटाशेजारी ते कुणी, कुठे आणि कोणत्या कृत्यांच्या काळात घातलं होतं हे लिहिणं संग्राहकाचं कर्तव्य आहे. आपल्याकडे शंभर वर्षांची झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी ती आली तर खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या हेल्मेटांनी आता शंभरी ओलांडली आहे.

जपणूक

हेल्मेटाचं सर्वांत मोठं नुकसान प्रेमाने होतं. घरी आलं की घासूनपुसून चकचकीत करायचा मोह होतो. घासताना मूळ रंग जातो, चिखलाचा थर जातो, आतली पुसट शाई जाते, म्हणजे साक्षीदाराचीच जीभ कापली जाते. मऊ ब्रशने धूळ झटकणं एवढंच पुरे. आतल्या चामड्याला तेल पाजायचं नाही. ते काळं पडतं आणि कालांतराने जास्तच तडकतं.

आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर पोलाद उघड्यावर ठेवलं तर गंज लागलाच समजा. बंद काचपेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, ओलावा दाखवणारं छोटं मापक आणि दर पंधरा दिवसांनी एक नजर एवढी शिस्त हवी. हाताला घाम येतो म्हणून हातमोजे घालून उचलायचं, तेही काठाला किंवा पट्ट्याला न धरता दोन्ही तळव्यांत. आणि मोह कितीही झाला तरी डोक्यावर घालायचं नाही. जुन्या ब्रिटिश हेल्मेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आढळलं आहे आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

दोन हेल्मेटं

ओकिनावाच्या त्या ठाण्याकडे पुन्हा एकदा वळू. बकनर यांची त्या दिवशीची दोन हेल्मेटं होती. एकावर तीन तारे होते. ते त्यांनी उतरवलं. दुसरं कोरं होतं, आणि शेवटच्या क्षणी तेच त्यांच्या डोक्यावर होतं. ही दोन्ही आज कुणाच्या टेबलावर शेजारी ठेवली, तर पाहणारा ताऱ्यांचंच उचलेल. ज्याने खरोखर तो क्षण पाहिला, ते कोरं हेल्मेट कुणी शेजारी कागद ठेवला नसेल तर दोन कोटींच्या गर्दीतलं एक होऊन जाईल.

हे फक्त सेनापतींपुरतं खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. तिथून परतलेल्या एखाद्या सैनिकाची पसरट लोखंडी टोपी साताऱ्याकडच्या किंवा रायगडमधल्या माळ्यावर अजून पडलेली असू शकते. घरातल्या थोरल्या माणसाला ती कुणाची हे माहीत असेल, धाकट्याला नसेल. अशी टोपी सापडली तर एक साधा कागद घ्यावा. त्यावर आजोबांचं पूर्ण नाव, गाव, पलटण, टोपी कुठे सापडली, आतले आकडे आणि आजची तारीख लिहावी. थोरल्या माणसाची सही घ्यावी आणि तो कागद टोपीबरोबरच ठेवावा. पोलाद स्वतःहून आणखी शंभर वर्षं टिकेल. नाव मात्र आपण लिहिलं तरच टिकेल.